माउंट नीबोचे पंखे

ज्या वर्षी ल्यूशस टार्व्हरच्या धाकट्या नातीचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी त्याच्या मुलीने निवडणुकीत उडी घेतली. साल २०१५, फेब्रुवारीतला रविवार. केझाया पाण्यातून वर आली ती नाकातलं पाणी शिंकरत, हसतच सुटली. तिला टॉवेलात गुंडाळता गुंडाळता व्हर्नेटा बापाच्या कानाशी लागली.

"डॅडी, मी शुक्रवारी अर्ज भरला."

"कसला?"

"कॉरोनरचा."

"ग्रँडबेरींच्या विरोधात?" ल्यूशस एवढ्या मोठ्याने बोलला की गाणाऱ्या बायकांचा सूर हलला.

"हळू, डॅडी. देवाला सांगून झालंय. बाकीच्यांना उद्या कळेल."

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या टालूशा काउंटीत कुणी दवाखान्याबाहेर मेलं, मग ते घरात असो, शेतात असो की रस्त्यावर, तर तिथे आधी कॉरोनर जातो. मेलेल्याला बघतो आणि कशाने मेला ते ठरवतो. त्यानंतरच प्रेत हलतं. हे काम लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं, आणि वीस वर्षं ते सिल्व्हेस्टर ग्रँडबेरींकडे होतं. ग्रँडबेरींचा धंदा अंत्यविधीचा. म्हणजे कशाने मेला हे सांगणारे तेच आणि अंघोळ घालून, सूट चढवून पुरणारेही तेच. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. माणूसच तसा होता. ल्यूशसची बायको गेली तेव्हा ग्रँडबेरींनी स्वतः घरी येऊन विचारलं होतं, "डीकन, त्या भांग कुठल्या बाजूला काढायच्या?" असलं विचारणाऱ्या माणसाविरुद्ध आपली मुलगी उभी राहणार, हे ल्यूशसच्या गळी उतरायला दोन दिवस लागले.

पण मुलीचंही खरं होतं. आदल्या वर्षी माशांच्या कारखान्यात डॅरियन कोल नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा मशीन साफ करताना पडला तो उठलाच नाही. ग्रँडबेरी आले, उभ्या उभ्या पाहिलं, 'हृदय बंद पडलं' असं लिहिलं आणि घेऊन गेले. व्हर्नेटा वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. ती ऐकून पेटली.

"हृदय बंद पडलं म्हणे! मेल्यावर कुणाचं चालू राहतं, डॅडी? का बंद पडलं, ते कोण विचारणार?"

ते विचारायलाच ती उभी राहिली. आमच्याकडे खरी लढत ऑगस्टमध्ये, पक्षाच्या आतल्या निवडणुकीतच होते. तिथे जो जिंकला तो जिंकलाच.

ल्यूशस माउंट नीबो चर्चचा मुख्य डीकन, म्हणजे पास्टरांच्या खालोखाल चर्च सांभाळणारा. जन्मभर शाळेची बस चालवली, आता सत्तरी गाठलेली, आवाज मात्र अजून छप्पर हलवणारा. त्याने मनाशी साधा हिशोब मांडला. माउंट नीबोत दोनशे माणसं. त्यांचे मेहुणे, भाचे, शेजारी धरले तर हजार मतं. पास्टरांनी एकदा, फक्त एकदा, व्यासपीठावरून नाव घेतलं की झालं.

एप्रिलमध्ये चर्चची बैठक भरली आणि तो हिशोब तिथेच फिसकटला.

पास्टर ऑल्सप वयाने चौतीस, बोलायला लागले की साठीचे वाटायचे. ते म्हणाले, "निवडणुका येताहेत. सरकार चर्चकडून कर घेत नाही. त्या बदल्यात एक अट आहे. चर्च म्हणून आपण अमक्याला निवडा, तमक्याला पाडा, असं सांगायचं नाही. मतदानाला चला म्हणू, गाडीत घालून नेऊ. नाव घ्यायचं नाही."

सिस्टर अर्लीन पिकन्स उभी राहिली. पांढरे हातमोजे घालून दाराशी उभ्या राहणाऱ्या, लोकांना जागेवर बसवणाऱ्या सेविकांची ती प्रमुख. तिने एक बोट वर केलं की पोरंटोरं तर सोडाच, रडणारी माणसंही गप्प व्हायची.

"पास्टर, माझ्या वडलांना मत कसं द्यायचं ते याच चर्चच्या मागच्या खोलीत शिकवलं. कुणाला द्यायचं तेही इथेच सांगितलं. आम्हा काळ्यांना नाव घ्यायला दुसरी जागा होती कुठे? तेव्हा काही चर्च बुडालं नाही."

"तेव्हा लोक चर्च जाळायला येत होते, सिस्टर. कराची कुणाला पडली होती?"

"बरं. मग हायवेपलीकडचं गोऱ्यांचं मोठं चर्च? त्यांच्या पास्टरने शेरीफ कोण हवा ते माईकवरून सांगितलं. माझी भाची तिथे फरशी पुसते, तिने आपल्या कानांनी ऐकलं. त्यांच्या दारात आलं का कुणी?"

"नाही आलं."

"मग?"

"आपल्या दारात येतील ना!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

पास्टर मात्र हसले नाहीत. "कुणी आलं नाही तरी मी नाव घेणार नाही. आज मी इथून एक नाव घेतलं की पुढच्या खेपेला सगळे उमेदवार माझ्या दाराशी. एक म्हणेल छप्पर घालून देतो, दुसरा म्हणेल नवी व्हॅन देतो. मग मी जे बोलेन ते देवाचं की छपराचं, हे तुम्ही कसं ओळखणार? आणि उन्हाळ्यात शाळा बंद असते तेव्हा नव्वद पोरं आपल्याकडे दुपारची जेवतात. त्याला मदत देणारे पहिल्यांदा हेच विचारतात की तुमची करमाफी शाबूत आहे ना. ती गेली की चूल विझली."

यावर अर्लीन खाली बसली. त्या चुलीवर ती स्वतः रांधायची.

मग ठराव मांडला गेला. चर्चच्या दाराच्या आत कुठल्याही उमेदवाराचं नाव येणार नाही. तोंडून नाही, कागदावर नाही, छातीवर बिल्ला लावून नाही. "दुजोरा कोण देतं?" पास्टरांनी विचारलं, आणि सगळ्या माना ल्यूशसकडे वळल्या.

आता माघार घ्यावी तर लोक म्हणणार, पोरीसाठी बाप शेपूट घालतोय. ल्यूशस ताडकन उठला. "मी देतो!"

"वा डीकन," अर्लीन पुटपुटली, "पोरीच्या पायावर धोंडा टाकलात की हो!"

ठराव पास झाला. व्हर्नेटा घरोघर फिरू लागली. रंग चढू लागला. केशकर्तनालयात, पेट्रोल पंपावर, मासे तळणाऱ्यांच्या गाड्यांभोवती एकच विषय. ग्रँडबेरींसमोर वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी उभं राहिलं होतं. लोक तिला म्हणायचे, "पोरी, तू निवडून आलीस तर ग्रँडबेरी आमच्या म्हाताऱ्याला नीट पुरतील का?" ती म्हणायची, "पुरतील. ते काम त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. कसा मेला ते मी बघेन." लोकांना ते उत्तर आवडायचं. वाढदिवसाला, बार्बेक्यूला, जिथे चार माणसं जमतील तिथे ती पोचायची, आणि निघताना मागे कुजबुज सोडून जायची. जुलै लागेपर्यंत लोक उघड म्हणू लागले, पोरगी ग्रँडबेरींना घाम फोडणार.

घाम फुटला, पण माउंट नीबोला. जुलैच्या पहिल्याच रविवारी चर्चमधलं थंड हवेचं यंत्र घरघरलं, एक उचकी दिली आणि बंद पडलं. भाग मागवला तो मेम्फिसहून येणार होता आणि येतच होता. अर्लीनच्या सेविकांनी नेहमीप्रमाणे बाकांच्या खणांतून पंखे काढून वाटले. जाड पुठ्ठ्याचे, लाकडी काडीचे हातपंखे. उपदेश सुरू झाला आणि सगळं चर्च एका लयीत वारा घालू लागलं.

डीकन लोकांकडे तोंड करून बसतात. ल्यूशसने घाम पुसला, मान वर केली आणि जागच्या जागी गारठला.

त्या पंख्यांच्या एका बाजूला कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ. दुसऱ्या बाजूला राखाडी सूटमधले ग्रँडबेरी, खाली लिहिलेलं, 'ग्रँडबेरी आणि मुलगे, अंत्यविधी सेवा. तुमच्या दुःखात तुमच्या शेजारी.' ते दरसाल सगळ्या चर्चना असे पंखे फुकट वाटायचे. लोक मेंढपाळ आपल्याकडे धरायचे, त्यामुळे ग्रँडबेरी व्यासपीठाकडे. ल्यूशस वीस वर्षं हे पाहत आला होता आणि आज त्याला पहिल्यांदा ते दिसलं. दोनशे ग्रँडबेरी. गालातल्या गालात हसणारे. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पास्टर दृष्टान्त सांगत होते आणि दोनशे ग्रँडबेरी नाही नाही म्हणत मान हलवत होते.

शेवटचं आमेन होताच तो पास्टरांच्या खोलीत घुसला. मागून अर्लीनही आलीच.

"पास्टर, आज चर्चमध्ये उमेदवाराचं नाव घेतलं गेलं. दोन तास. दोनशे वेळा!"

"कोणी घेतलं?"

"पंख्यांनी!"

पास्टरांनी टेबलावरचा पंखा उचलला, उलटा केला आणि डोळे मिटून घेतले. "अरे देवा."

"ही धंद्याची जाहिरात आहे," अर्लीन म्हणाली. "यात मत द्या असं कुठे लिहिलंय?"

"नाव आहे की नाही? तोंड आहे की नाही? ठरावात काय म्हटलंय, कागदावर नाही!"

"हा कागद नाही, पुठ्ठा आहे."

"सिस्टर!"

"डीकन, ऐका माझं. समोरच्या बाकावर ज्या मानाच्या म्हाताऱ्या मदर बसतात त्यातली सगळ्यात तरुण ऐंशीची आहे. जुलैत त्यांच्या हातातला वारा काढून घेतलात तर एकेक करून आडव्या होतील. आणि मग बोलवाल कुणाला? ग्रँडबेरींनाच ना!"

पास्टर हसले, पण लगेच सावरले. दुजोरा देणाराच जर ठरावाची आठवण करून देत असेल तर त्यांना नाही म्हणता येईना. "नियम म्हणजे नियम. मतदान होईपर्यंत पंखे खोक्यात."

ल्यूशस घरी गेला तो शीळ घालत. गड जिंकल्यासारखंच वाटलं त्याला.

पुढचा रविवार मात्र आठवणीत राहावा असा गेला. लोकांनी हॅटने वारा घेतला, दानाच्या पाकिटांनी घेतला, एकीने घरून केकखालचा पुठ्ठा आणला. पोरांचे शर्ट पाठीला चिकटले. मदर लोकांची पांढरी पावडर ओघळून गळ्यापर्यंत आली. पास्टरांनी उपदेश निम्म्यावर गुंडाळला. प्रार्थनेत ल्यूशस म्हणाला, "प्रभू, आमच्यावर तुझा श्वास फुंक," तर मागून आवाज आला, "तो फुंकेपर्यंत तुम्हीच फुंका, डीकन!" आणि सगळं चर्च खदखदून हसलं.

त्याच्या पुढच्या रविवारी कुणी हसलं नाही. एक मदर खरंच आडवी झाली. फार काही झालं नाही, पाणी मारल्यावर उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "माझा पंखा कुठाय?"

तोवर गावात एकच बोललं जात होतं. व्हर्नेटा टार्व्हरने पंखे काढायला लावले. निवडून यायच्या आधीच ही म्हाताऱ्यांचा वारा बंद करते, मग निवडून आल्यावर काय करेल?

आणखी एक रविवार तसाच उकडत गेला आणि मतदानाआधीच्या शनिवारी दुपारी ती तणतणत बापाच्या ओसरीवर चढली. ल्यूशस शेंगा सोलत बसला होता.

"डॅडी, माझा आणि पंख्यांचा संबंध काय?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? मी दार वाजवते, डॅरियनचं सांगते. लोक शांतपणे ऐकून घेतात. मग विचारतात, ते सगळं ठीक आहे बाळ, पंखे कधी परत देणार? माझ्याकडे आहेत का पंखे!"

"लोकांना काय, लोक विसरतात."

"मंगळवारी मतदान आहे! मंगळवारपर्यंत उकाडा विसरतील?"

ल्यूशसने शेंगांचं टोपलं बाजूला सारलं. "उद्या वेदीपुढची प्रार्थना माझ्याकडे आहे. मी तुझं नाव घेतो. एकदाच. पास्टरने घेतलं तर ते चर्चने घेतल्यासारखं. एका बापाने गुडघ्यावर बसून मुलीचं नाव देवाला सांगितलं तर त्यात कसला कायदा आडवा येतो?"

व्हर्नेटा पायरीवर बसली. तिचा आवाज एकदम खाली आला. "माईक कुणाचा आहे, डॅडी? तुम्ही मुख्य डीकन आहात. तुम्ही बोललात म्हणजे माउंट नीबो बोललं. उद्या कुणी तक्रार केली आणि ती चूल बंद पडली तर त्या नव्वद पोरांना मी काय सांगू? माझं नाव घेतलंत तर जिंकले तरी मी त्या खुर्चीवर बसणार नाही."

"बसणार नाहीस?"

"नाही. मला हरू दे. पण असं नको."

 ल्यूशसने पुन्हा शेंगा घेतल्या. ती गाडीत बसून निघून गेली तरी त्याच्या डोक्यात नाव घोळतच राहिलं. एक शब्द. तो म्हटला तर पोरगी रुसणार, न म्हटला तर पोरगी हरणार. आणि हरणार ती आपल्यामुळे.

ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला. प्रभुभोजनाचा रविवार, त्यामुळे मदर आणि सेविका नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत. चर्च खच्चून भरलेलं, बाहेर पायऱ्यांवरही माणसं. यंत्राचा भाग अजून मेम्फिसहून येतच होता.

गाणं संपलं आणि पास्टर म्हणाले, "आज कुणी पाहुणे असतील तर उभे राहा."

ही आमच्या चर्चची जुनी रीत. पाहुण्याने उठायचं, दोन शब्द बोलायचे. घरच्याला ते दोन शब्द कधीच मिळत नाहीत. व्हर्नेटा याच चर्चमध्ये रांगली, गाणाऱ्यांत उभी राहून केस पिकले, पण तिला एवढ्या लोकांसमोर उभं राहून नमस्कार म्हणायचीही सोय नव्हती.

मागच्या बाकावरून सिल्व्हेस्टर ग्रँडबेरी उठले.

चर्चभर सळसळ झाली. पास्टरांचा चेहरा उतरला. अर्लीनने हातमोज्यातलं बोट उचललं, पण कुणाला गप्प करायचं ते तिलाच कळेना.

"देवाला मान," ग्रँडबेरी म्हणाले. आवाज कसा, तळघरातून आल्यासारखा. "पास्टरांना मान, डीकन मंडळींना मान, या सुंदर मदरना मान. मी आज इथे फक्त पाहुणा म्हणून आलोय. तुमच्या घराचा नियम मला ठाऊक आहे आणि तो चांगला आहे. मला एवढंच कळलं की इथे फार उकडतंय."

त्यांनी मान वळवली. त्यांचे दोघे मुलगे चार खोकी घेऊन आत आले. खोकी उघडली. आत नवेकोरे पंखे. एका बाजूला मेंढपाळ. दुसऱ्या बाजूलाही मेंढपाळ. नाव नाही, फोटो नाही, एक अक्षर नाही.

आणि ते न लिहिलेलं प्रत्येकाला वाचता येत होतं.

"हालेलुया!" एक मदर ओरडली, आणि मग चर्च फुटलंच. टाळ्या, हसणं, पाय आपटणं. सेविकांनी बघता बघता पंखे वाटले. दोनशे पंखे हलले, पडदे उडाले, पास्टरांच्या हातातला कागद उडाला. ल्यूशसच्या तोंडावर पहिली झुळूक आली आणि त्याला वाटलं, संपलं. माणूस नियमात राहून निवडणूक जिंकला.

"ग्रँडबेरीसाहेब, आभार," पास्टर म्हणाले. दुसरं म्हणणार काय? "आता डीकन टार्व्हर प्रार्थना चालवतील."

ल्यूशस उठला. जुन्या लोकांसारखा खुर्चीला हात टेकून गुडघ्यावर बसला. अर्लीनने माईक त्याच्या तोंडाशी धरला. गाणाऱ्यांच्या रांगेतून व्हर्नेटा एकटक त्याच्याकडे बघत होती.

"देवा बापा," त्याने सुरुवात केली.

"हो प्रभू," चर्च म्हणालं.

"गेले तीन रविवार इथे जो उकाडा झाला तो माझ्यामुळे झाला."

"आमेन!" हे जरा जास्तच झटपट आलं. हसू पसरलं.

"पंखे मी काढायला लावले. दुसऱ्या कुणी नाही. घरच्यांनाही न विचारता. कुणाच्या मनात राग असेल तर तो माझ्या डोक्यावर घाल, प्रभू, त्याचा शिंतोडाही दुसऱ्यावर उडू देऊ नकोस."

"दया कर, प्रभू!" आता हसण्यात ऊब होती.

आवाजाला सूर लागला. ऑर्गनवाल्याने खालून हलकेच साथ धरली. पंखे त्याच्या शब्दांच्या ठेक्यावर हलू लागले. ल्यूशसची प्रार्थना चढली की तिला लगाम नसायचा, हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं.

"प्रभू, या काउंटीकडे बघ!"

"बघ प्रभू!"

"या काउंटीला माणूस दे!"

"दे प्रभू!"

"असा माणूस दे, प्रभू, ज्याचं नाव..."

पास्टर खुर्चीतून अर्धे उठले.  व्हर्नेटाने डोळे मिटून घेतले. नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. वरचे दात खालच्या ओठावर टेकलेही होते. ल्यूशसने श्वास घेतला, डोळे उघडले, आणि समोर, तिसऱ्या बाकावर, त्याला इनेझ कोल दिसली. डॅरियनची आई. सगळं चर्च हलत होतं आणि तिचा पंखा मांडीवर पडला होता.

"डॅरियन," तो म्हणाला.

ऑर्गन थबकला.

"डॅरियन कोल, प्रभू. एकोणीस वर्षांचं लेकरू. तो पडला तेव्हा तू पाहिलंस."

"पाहिलंस, प्रभू."

"आम्ही नाही पाहिलं."

"नाही पाहिलं!"

"आम्ही विचारलंही नाही!"

"नाही विचारलं!"

"त्याच्या आईला आम्ही सांगितलं, बाई, हृदय बंद पडलं. प्रभू, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडायचंय! माझं पडेल, पास्टरांचं पडेल. पण का पडलं, हे आईला कळायला नको?"

"सांग, डीकन, सांग!" लोक उभे राहू लागले. ऑर्गन पुन्हा उसळला.

"कुणी बस चालवताना गेला, कुणी शेतात गेला, कुणी तुरुंगाच्या खोलीत गेला. आमचे मेलेले मुके आहेत, प्रभू! त्यांच्यासाठी कुणीतरी विचारायला हवं!"

"आमेन!" मागून एक आवाज गरजला. "खरंय, प्रभू! कुणीतरी विचारायलाच हवं!"

तळघरातून आल्यासारखा आवाज. दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

सगळं चर्च वळलं. सिल्व्हेस्टर ग्रँडबेरी उभे होते. डोळे घट्ट मिटलेले, एक हात वर, हातात नवाकोरा पंखा, गालांवर पाणी. चाळीस वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये, कुठल्या ना कुठल्या शवपेटीशेजारी उभं राहून आमेन म्हणायची सवय. प्रार्थना रंगली आणि तोंड आपोआप चाललं. शेजारी थोरल्या मुलाने कपाळाला हात लावला होता.

ग्रँडबेरींनी डोळे उघडले. दोनशे लोक आपल्याकडे बघताहेत हे पाहिलं. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते हळूहळू चेहऱ्यावर उतरताना सगळ्यांनी पाहिलं.

इनेझ कोल उठली. त्यांच्याकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमेन."

ग्रँडबेरींनी वरचा हात खाली घेतला. वाटलं, आता बाहेर जाणार. ते गेले नाहीत. त्यांनी तिच्यापुढे मान लववली आणि पुन्हा म्हणाले, या खेपेला शुद्धीत, "आमेन, सिस्टर कोल."

त्यानंतर जो गलका झाला त्यात ल्यूशसची प्रार्थना कुठे संपली ते कुणालाच कळलं नाही. त्यालाही नाही. अर्लीनने माईक कधी टाकला आणि हातमोज्यांसकट टाळ्या कधी वाजवायला लागली, हे तिलाही सांगता येईना.

बाहेर पायऱ्यांवर ग्रँडबेरींनी त्याला गाठलं.

"डीकन, तुम्ही हे ठरवून केलंत?"

"देवाशपथ नाही. मी तर दुसरंच काही बोलणार होतो."

"मला कळलं ते. मीही दुसरंच काहीतरी करायला आलो होतो." ते खो खो हसले, आणि हसता हसता थांबले. "त्या दिवशी कारखान्यात फार घाई होती हो. एकाच दिवशी तीन प्रेतं. मी वाकूनसुद्धा पाहिलं नाही त्या पोराला."

 ल्यूशसने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मुलाने गाडी आणली आणि ते गेले.

पास्टर मात्र खोलीत येरझाऱ्या घालत होते. "डीकन, मला प्रामाणिकपणे सांगा. मी आज माझ्या चर्चमध्ये उमेदवाराचं नाव ऐकलं की नाही?"

"डॅरियनचं ऐकलंत. तो उभा नव्हता."

"नियम मोडला की राहिला, तेच मला ठरवता येईना."

"मग ठरवू नका," दारातून अर्लीन म्हणाली. "उद्या नव्वद पोरं जेवायला येतील. बटाटे सोलायला या."

सोमवारी सूर्य मावळेपर्यंत ती गोष्ट काउंटीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. "ग्रँडबेरींनी स्वतः आमेन म्हटलं!" कुणी रंगवून सांगे, ते रडत गुडघ्यावर आले. कुणी सांगे, त्यांनी तिथेच राजीनामा दिला. खरं काय ते सांगायला गेलं तर लोकांना ते पुरत नव्हतं. मंगळवारी माउंट नीबोची व्हॅन दिवसभर पळत होती आणि ड्रायव्हरने कुणाचंही नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. आत बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना फक्त "आमेन" म्हणायच्या आणि हसत सुटायच्या.

मतमोजणीचा आकडा कचेरीच्या पायऱ्यांवर वाचून दाखवला. व्हर्नेटा थोडक्यात निवडून आली होती. ल्यूशस जोरात ओरडायला गेला तर आवाजच फुटेना. तिने बापाला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "तुम्ही नाव घेतलं नाहीत."

"ओठापर्यंत आलं होतं, पोरी."

"मला दिसलं."

गर्दीतून वाट काढत ग्रँडबेरी आले, टोपी काढून तिचा हात हातात घेतला आणि कचेरीच्या जुन्या गाडीच्या किल्ल्या कुठे लटकवतात ते सांगून गेले. माउंट नीबोच्या दारात कुणीही विचारायला आलं नाही. चूल चालू राहिली.

जानेवारीत व्हर्नेटाने शपथ घेतली. डॅरियनचं काय झालं ते तिला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. कारखान्याने ती मशीन केव्हाच बदलली होती. पण कुणी दगावलं की ती पोचायची, जमिनीवर बसायची आणि घरच्यांना बोलतं करायची. काही घरं त्यामुळे चिडायची, काही सावरायची.

ग्रँडबेरी घरी, जेवणाच्या टेबलावर कोसळले तेव्हाही तीच गेली. त्यांच्या बायकोशेजारी बसून सकाळपासूनचं सगळं विचारलं. डोकं कुठे दुखत होतं, हात कुठला जड झाला, शेवटी काय म्हणाले. मग मुलांना म्हणाली, "आता घेऊन जा."

सिल्व्हेस्टर ग्रँडबेरी ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, रविवारी, मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. ल्यूशस टार्व्हर त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला गेला.